निशाचरकौतुकाची मूळ पोथी

हैदराबाद (दक्षिण),
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६७

प्रिय कल्याणप्पा,

तुझं कार्ड परवा पोचलं. एकूण नऊ ओळी. पाच तांबड्या बैलाच्या खुराला, दोन भुईमुगाला, एक तुझ्या गुडघ्याला आणि उरलेली एक अव्वाला. खुराला कडुनिंबाचं तेल लाव आणि बैल ओल्यात बांधू नकोस. हा उपाय शास्त्रातला नाही, आमच्या गल्लीतल्या टांगेवाल्याचा आहे, म्हणून खात्रीचा. गुडघ्यालाही तोच चालेल असं तो म्हणतो. राहिली नववी ओळ, ती तुझ्याच शब्दांत : अव्वा आता गोष्टी सांगत नाही, माझं चुकतंय म्हणते. तुझ्या पुस्तकातल्या पोथीत जशी आहे तशी खरी गोष्ट सोप्या मराठीत उतरून धाड, ती पाठ करणार आहे. सत्तरीची तुझी आई पाठांतराला बसायचं म्हणते, आणि ज्याचं सगळं आयुष्य पाठांतरावर गेलं तो मी तुला उत्तर लिहायला दोन दिवस दौत उघडून नुसता बसलोय.

तुमची ओटी अजून डोळ्यापुढं आहे. दिवेलागणीला अव्वा भुईमूग फोडायला बसायच्या, शेजारची कडूबाई सूप घेऊन यायची, आणि शेंगा फुटत तशी गोष्ट पुढं सरकायची. गोष्टीला जसं सांगणारं तोंड लागतं तसा हुंकार देणाराही लागतो. प्रत्येक वाक्याला कुणीतरी 'हूं' म्हणायला हवं. हूं थांबला की अव्वा थांबत आणि शेंगा मोजायला लागत. तू तिसऱ्या वाक्याला घोरायचास, त्यामुळं हुंकाराची नोकरी माझ्याकडं आली. आमच्या घरी सोवळं कडक, तुमच्याकडचं पाणीसुद्धा चालत नसे. पण गोष्ट कानानं घ्यायची असते म्हणून ती चालते, असा निवाडा मी सातव्या वर्षी स्वतःपुरता देऊन टाकला होता. माझ्या एकूण विद्वत्तेतला तेवढाच निवाडा आजवर टिकला.

कोरड्या विहिरीखालच्या राक्षसाची ती गोष्ट तू कधी शेवटपर्यंत ऐकली असशील असं वाटत नाही, म्हणून सांगतो. राक्षस एका पोराचा आवाज चोरून नेतो. पोराची बहीण विहिरीत उतरते, सात पाताळं ओलांडते. तिच्या पदरात एकच भाकरी. राक्षस तिला खायला उठतो तेव्हा ती त्याला विचारते, शेवटचा जेवलास कधी? त्याला असं आजवर कुणी विचारलेलं नसतं. तो भाकरी खातो, रडतो, रडता रडता त्याला ठसका लागतो आणि भावाचा आवाज बाहेर पडतो. संपली गोष्ट. राक्षस मरत नाही. अव्वा शेवटी म्हणायच्या, अजून हाय त्यो तिथं, विहिरीत वाकून बघू नका, लाजतो.

पुढं तुळजापूरला शास्त्रीबोवांकडं व्याकरण झालं, काव्य झालं, इथं येऊन उर्दू झाली. माझ्याबरोबरचे लोक न्याय, वेदान्त असल्या भरवशाच्या शास्त्रांकडं गेले. मी राक्षस धरले. यक्ष, वेताळ, पाताळातल्या नगऱ्या, उडते घोडे. पुराणांतलं आणि कथांमधलं जेवढं म्हणून अद्भुत, तेवढं माझं. लोक हसायचे. मथुरा अजूनही पाहुण्यांना सांगते की ह्यांचं पोट राक्षसांवर चालतं. पण मला मनातून ठाऊक होतं की हे वेड तुमच्या ओटीवर लागलं. पंधरा वर्षांपूर्वी मी पहिला निबंध लिहिला तोही त्याच गोष्टीवर, आणि तेव्हा मी सरळ माणूस होतो. खाली अव्वांचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : कथन करणारी सिद्धम्मा, मौजे सोनारी, तालुका परांडा, वय अंदाजे पंचावन्न.

निबंध इथल्या विद्वत्सभेकडून परत आला. वर एकच शब्द : निर्मूलम्. म्हणजे मुळात काही नाही. बाईच्या तोंडची गोष्ट हा काही आधार नव्हे, एखादी पोथी दाखवा, असं नंतर एकानं जिन्यात समजावूनही सांगितलं. चार दिवस मी रागात होतो. पाचव्या दिवशी पोथी लिहायला बसलो.

हो, कल्याणप्पा. भर उन्हाळा, अठरा दिवस, एकशे बारा अनुष्टुभ. ग्रंथाचं नाव निशाचरकौतुकम्. कवी कोणी एक गोविंदभट्ट, गोत्र कौंडिण्य. बिचाऱ्याला मी लहानपणीच पोरका केला, म्हणजे मंगलाचरणात थोडा करुण येतो. अनुष्टुभात भाकरी बसेना. बसली असती, शोभली नसती. मग मुलीचा राजपुत्र केला, भाकरीची तलवार केली, आणि पंडितांना शेवटी वध लागतो म्हणून राक्षस मारला. चांगले सात श्लोक घेतले त्याला मरायला. परांड्याच्या एका घरी ही पोथी पाहिली, मालक देईनात म्हणून तिथंच बसून उतरून घेतली, असं प्रस्तावनेत लिहिलं. कुणी मूळ प्रत मागितलीच तर उत्तर तयार होतं : मालक वारले, आणि घरच्यांनी जीर्ण पोथी रीतीप्रमाणं सीना नदीत सोडली. आपल्या भागात ह्या उत्तरावर शंका घेणारा शास्त्री जन्मायचा आहे. प्रत्येकानं आपापल्या घरच्या पोथ्यांचा एखादा तरी रुमाल असाच हात जोडून नदीत सोडलेला असतो. खोटं माझं एकट्याचं होतं, त्याला अंग आपल्या रीतीनं दिलं.

सभेनं पोथी डोक्यावर घेतली. तिच्यामुळं नोकरी मिळाली, तिच्यावर तीनशे पानांचा ग्रंथ झाला, आणि राक्षसांचा पंडित म्हणून माझं नाव दूरवर गेलं. तू ते पुस्तक दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली ठेवलं आहेस, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतोस. त्यातली आभारांची यादी वाचून बघ. गुरूंचे आभार आहेत, आईवडिलांचे आहेत, छापखान्याचे आहेत. पोथीला फार न लागल्याबद्दल वाळवीचेही मी विनोदानं आभार मानले आहेत. अव्वांचं नाव नाही. वाळवीला जागा मिळाली, त्यांना मिळाली नाही.

आता गेल्या चैत्रातलं. भैरोबाच्या यात्रेनंतर मी सभेच्या न्यायाचार्यांना घेऊन आलो होतो, ते तुला आठवत असेल. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती आणि ही कथा लोकांत कुठं उरली आहे का ते त्यांना पाहायचं होतं. तू दुकानाची आवराआवर करत होतास. दुपारची वेळ, ओटीवर कडूबाई आणि पाच-सहा बाया. अव्वांना केवढा आनंद झाला होता. आपला उत्तरेश्वर मोठ्या लोकांना गोष्ट ऐकवायला घेऊन आला, म्हणून त्यांनी धुवट लुगडं नेसलं होतं. गोष्ट सुरू झाली. मी सवयीनं हूं म्हणत होतो. मुलीनं भाकरी काढली तिथं न्यायाचार्यांनी हात वर केला. माणूस वाईट नाही. प्रेमानं, लहान मुलाला उजळणी सांगावी तसं त्यांनी सांगितलं की बाई, मूळ ग्रंथात असं नाही; तिथं राजपुत्र आहे, वध आहे; तोंडोतोंडी येताना तुमच्याकडं पाठ बिघडला. आणि त्यांनी माझेच श्लोक त्यांना म्हणून दाखवले. चाल चांगली आहे त्यांची.

अव्वांनी माझ्याकडं पाहिलं.

"व्हय का रं उत्तरेश्वरा? मरतो का त्यो?"

तिथं मला एक शब्द बोलायचा होता. 'न्हाय' एवढाच. न्यायाचार्य माझ्याकडं पाहत होते.

"पोथीत तसं आहे, अव्वा," मी म्हणालो.

त्यांनी धुवट लुगड्याचा पदर सावरला. मग म्हणाल्या, पोथीत हाय तर तसंच असंल, मी अडाणी, मला कुठनं ठावं. आणि पाहुण्यांपुढं गोष्ट अर्धी टाकायला नको म्हणून त्यांनी ती पुढं नेली. मुलीच्या हातात कुठूनशी तलवार आली. एका वाक्यात त्यांनी राक्षस मारला. कसा मारला हे त्यांना सांगता येईना. मारला, म्हणाल्या, मेला. मी हूं म्हणालो. तेवढ्यावर त्या उठल्या आणि डोकं दुखतंय म्हणून आत गेल्या. तुला त्या दिवशी मी ऊन लागलं असेल असं सांगितलं होतं. न्यायाचार्यांनी वहीत 'भ्रष्ट पाठ, सोनारी' अशी नोंद केली. ती आवृत्तीच्या तळटिपेत यायची होती. मौजे सोनारीचं नाव अखेर माझ्या ग्रंथात येणार होतं ते असं.

दसऱ्याला येतो म्हणून आलो नाही, काम निघालं असं कळवलं होतं ना? काम कसलं. बार्शीपर्यंत आलो होतो. स्टेशनावर तासभर बाकावर बसलो, परांड्याकडची मोटार समोर उभी होती, तीत बसलो नाही. परतीच्या गाडीनं माघारी आलो आणि मथुरेला सांगितलं की तुमच्याकडं सगळे खुशाल आहेत.

तेव्हा कार्डाला उत्तर म्हणून हे पत्र. पोथी धाडता येत नाही, कारण पोथी नाही, कधी नव्हती. काल सभेला तसं लिहून दिलं. जाऊन हातात दिलं, म्हणजे मध्येच परत आणायचा मोह होऊ नये. आवृत्ती थांबेल. पौषात मला शाल द्यायची होती, ती दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर जाईल. थंडी सगळ्यांनाच आहे. नोकरीचं काय ते कळेलच. मथुरेला काल हे सांगितलं, आज सकाळी ती एवढंच म्हणाली की आधी त्या माउलीला कळवा, सभा मागाहून. तेही मी उलट्या क्रमानं केलं. तुला क्षमा मागत नाही; तू देऊन मोकळा होशील आणि बैलाचं विचारशील, मला माहीत आहे. एक काम कर. हे पत्र ओटीवर मोठ्यानं वाच. कडूबाईला बोलव, त्या दिवशी ज्या ज्या बाया होत्या त्यांना बोलव, त्यांच्यासमोर झालं ते त्यांच्यासमोरच फिरायला हवं. माझं नाव गाळू नकोस. आणि ह्यापुढचं अव्वांकडं तोंड करून वाच : अव्वा, पाठ करण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं. तो मरत नाही. त्याला मी मारला, आणि वर तुमच्या तोंडून मारवून घेतला.

अजून म्हणू देत असलास तर,
तुझाच
उत्तरेश्वर