छबूबाईंच्या बंगल्याचा न उतरणारा भाव

संगमनेर,
भाद्रपद वद्य नवमी

ती. विष्णुदादा यांस,

धाकट्या मामेभावाचा साष्टांग नमस्कार. आम्ही उभयता धडधाकट. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला तुमच्या आज्ञेत असतील असं धरून चालतो. (फोनवर तुम्ही नुसता अंगठा दाखवता, त्यास पत्रोत्तर म्हणण्याची सोय आमच्या शास्त्रात नाही.)

हल्ली रोज संध्याकाळी मी तुमच्या जुन्या कॉलनीत फिरायला जातो. उन्हं कलतात, प्रवरेवरून वारा येतो, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जिऱ्याची फोडणी पडते आणि कोपऱ्यावरच्या छबूबाईंच्या बंगल्यापाशी माझे पाय आपोआप थांबतात. त्या एकट्याच राहतात, मुलगा नाशिकला नेतो म्हणतो, म्हणून बंगला विकायचाय. मनाने मी तिथे दोन वर्षं राहतोच आहे. व्हरांड्यात माझी आरामखुर्ची आहे, मागे आमच्या सौ. विजयाची जुई आहे, गच्चीची गळतीही मी पावसाळ्यापूर्वी मनानेच काढून घेतली (खर्च अजिबात आला नाही). देह तेवढा झोपायला बायपासपलीकडच्या आमच्या फ्लॅटवर जातो, जिथे बिल्डरने कबूल केलेल्या बागेच्या जागी वाळूचा ढीग आहे आणि पाणी टँकरचं आहे.

यंदा घरांचा बाजार बसला. आमच्या खालच्या मजल्यावरचा फ्लॅट फ्रीज आणि दोन पंख्यांसकट गेला, तरी घेणाऱ्याचा चेहरा फसल्यासारखाच होता. मी मात्र मनात सुखावलो. जिथे धूर तिथे अग्नी, या चालीवर अनुमान बांधलं: घरांचे भाव उतरले, छबूबाईंचं घर हेही घरच, तस्मात् तेही उतरलं असणार. त्यातून पितृपंधरवडा. या दिवसांत कुणी घराचं नावही काढत नाही, म्हणजे गिऱ्हाईक मी एकटा. (वर्ज्य आहे तो गृहप्रवेश, घासाघीस नव्हे, असा मी सोयीपुरता अर्थ लावला.)

काल गेलो, तर झोपाळ्यावर ज्योतिषी काकासाहेब आणि आमच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक चहा पीत बसलेले. तिघेही म्हणे सहज आले होते.

छबूबाई गवार निवडत होत्या. म्हणाल्या, "बसा गुर्जी. पित्रांच्या दिसात कोन येत न्हाई म्हनून आला न्हवं? हे तिघंबी तेच बघून आल्यात."

मी बायपासकडच्या पडत्या भावाचं सविस्तर निरूपण केलं. त्या म्हणाल्या, "मंग तिकडंच घ्या की."

"तिकडेच राहतो मी."

"आन तुमालाच तिथं नको झालंय. समद्यांना हितंच यायचंय, तर म्या भाव कशाला पाडू?"

दादा, एवढं निर्दोष अनुमान मी पंचवीस वर्षांत तर्कशास्त्राच्या वर्गात मांडलेलं नाही. त्यावर काकासाहेबांनी हळूच दोन लाख वाढवले. मग मीही वाढवले. का, ते मला सांगता येणार नाही. बशा रिकाम्या होईपर्यंत बंगला मूळ किमतीच्या पाच लाख वर गेला होता आणि आम्ही चौघेही त्याखाली. छबूबाई शांतपणे गवारीच्या शिरा काढत होत्या.

परतताना व्हरांड्यातल्या माझ्या खुर्चीत काकासाहेब बसलेले दिसले. मनातच, पण फार वाईट वाटलं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपावे, आमच्यावरचा लोभ सैल होऊ देऊ नये.

आपला,
राधाकृष्ण

ता. क. त्याच गल्लीतलं तुमचं बंद घर तुम्ही विकायला काढताय असं कानावर आलं. बाजार फार बसला आहे, तेव्हा भावाच्या नात्याने बायपासच्या दराने द्यावं. वरचा मजकूर वाचला नसल्यास वाचण्याची तसदी घेऊ नये.

ता. क. २. आत्ताच कळलं की विजयाने काल दुपारीच वहिनींना फोन करून, तुम्ही म्हणाल तो भाव कबूल केला आहे. पहिला ता. क. रद्द समजावा. किल्ली कुणाबरोबर पाठवता, तेवढं कळवा.