बंद दाराच्या बाहेर

प्रिय ओमकार,

परवा लिस्बनहून परतले आणि मुंबईत न थांबता थेट पूर्णगडला आले. हे पत्र तुझ्या हाती पडण्याआधी तुरुंगातलं कुणीतरी ते वाचेल. वाचू दे. यात लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

आई बरी आहे. बरी म्हणजे उठते, भात टाकते, शेजारी कुणी आलं की बोलते. कुणी नसलं की ओटीवर बसून खाडीकडे बघत राहते. गुडघा दुखतो, पण रत्नागिरीला डॉक्टरकडे चल म्हटलं की तुझ्याच नावाने अडून बसते, तो आल्यावर जाईन म्हणते. वर्कशॉप तुझ्या हाताखालचा लवू उघडतो. दोन होड्यांची इंजिनं त्याने एकट्याने उतरवली आणि बसवली. एक अजून धूर टाकतं म्हणे, तुला विचारायचं होतं त्याला, पण तोंडाने सांगितलेला निरोप तुझ्यापर्यंत कसा पोचवायचा हे त्याला कळेना. म्हणून इथे लिहिलं.

तू मला कायम चिडवायचास, “ताई, तुमची ती आगीची जागतिक पंचायत काय म्हणते?” यंदा त्या पंचायतीत पुढच्या दहा वर्षांचं ठरायचं होतं. अग्निसुरक्षेची मानकं लिहिणारी समिती, देशोदेशीची माणसं, आणि प्रश्न एकच की आधी काय हाती घ्यायचं. कुणाला बॅटरीवरच्या गाड्यांच्या आगी महत्त्वाच्या वाटत होत्या, कुणाला उंच इमारतींच्या बाहेरची सजावटीची आवरणं. सगळं खरंच महत्त्वाचं आहे. भिंतीवर मोठा तक्ता लावला होता आणि जो तो आपापल्या विषयाची चिठ्ठी वरच्या ओळीत नेऊ पाहत होता. माझी चिठ्ठी दोन दिवस वहीतच होती.

त्या दुपारचं तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. तरी मी पुन्हा लिहिते, कारण तू एका बाजूला होतास आणि मी दुसऱ्या. मी सुट्टीवर आले होते, तुझ्या वर्कशॉपमध्ये चहा पीत बसले होते. वैशाखात मनस्वीशी तुझं लग्न, आणि साड्यांचे फोटो मी तुला दाखवत होते, तू न बघताच सगळ्यांना चांगलं म्हणत होतास. तेवढ्यात कोळंबीच्या शेडमधून, तिच्या कामावरून, मनस्वीचा फोन आला. “ओमकार, पुढं आग हाय. मागचं दार बाहेरनं बंद हाय. ये लवकर.” एवढंच बोलली. तू फोन बंद न करता खिशात टाकलास आणि बाईक काढलीस. तुझ्या हातात इंजिनाचा मोठा पाना होता, तो तसाच कमरेला खोचलास. चढ चढून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर येईपर्यंत मागे बसून मी तुझ्या खिशातून तिचा खोकला ऐकत होते. मग खोकला थांबला. तू गाडी आणखी जोरात हाणलीस.

कोळंबी सोलायच्या त्या शेडच्या भिंती म्हणजे दोन पत्र्यांमध्ये भरलेला फोम. मी अशा भिंतींवर निबंध लिहिले आहेत, ओमकार. त्या कशा पेटतात ते मला तोंडपाठ आहे. पण प्रत्यक्षात तो आवाज असा असतो हे मला माहीत नव्हतं. पत्रे फाटत होते आणि आतला धूर काळा, तेलकट, जाडजूड बाहेर कोसळत होता. तू गोणपाट भिजवून अंगावर घेतलंस आणि पुढच्या दारातून आत शिरलास. आगीने तुला बाहेर फेकलं. तुझ्या भुवया जळल्या होत्या, कानाची पाळी फोडासारखी सुजली होती, तरी तू पुन्हा आत शिरायला निघालास, तेव्हा लवूने आणि आणखी दोघांनी तुला धरलं. तेवढ्यात मी मागे धावले. मागचं दार लोखंडी होतं. आतून बायका त्यावर मुठी मारत होत्या, क्रेट आपटत होत्या. दाराचा रंग माझ्या डोळ्यांसमोर फुगून गळायला लागला. मी हात लावला तर तळव्याची कातडी तिथेच चिकटली. एक बाई आतून नुसतं “आई गो, आई गो” म्हणत होती. ती मनस्वी नव्हती. मनस्वीचा आवाज मला ओळखू आला नाही.

तेव्हा कुणीतरी ओरडलं, “धोंडू पळतोय! पकडा त्याला!”

धोंडू, शेडचे वॉचमन, कुलपं त्यांच्या ताब्यात. आपल्याच वाडीच्या वरच्या अंगाचे. लहानपणी आपण त्यांच्या आवारातले आंबे पाडायचो आणि ते काठी घेऊन मागे लागल्याचं नाटक करायचे. गर्दी वळली, आणि सगळ्यात पुढे तू होतास. मी कोपऱ्यावरून बघत होते. मधे कुणी नव्हतं.

लोक तुला तापट म्हणतात. मी म्हणत नाही. शिमग्यात होमातून नारळ काढताना तुझा हात भाजला, तर फोड आलेल्या हाताने तू मला खोबरं फोडून दिलंस. जेटीवर होडी चालवणाऱ्या एका दारुड्या तांडेलाने तुझ्या थोबाडीत मारली, तेव्हा तू खाली बसून हसत सुटलास. तुझा हात कुणावर उठलेला मी जन्मात पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. पहिला घाव खांद्यावर बसला, ते गुडघ्यावर आले. दुसरा डोक्यावर. तो आवाज लाकडासारखा होता. मग बाकीचे तुटून पडले. लाथा, दांडे. एकाने चिऱ्याचा तुकडा उचलून त्यांच्या पायावर टाकला. मी ओरडत आत घुसले, “सोडा त्यांना, सोडा!” कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं. मी खाली पडले, पायांमधून रांगत पुढे गेले, आणि कुणाचा तरी बूट माझ्या उजव्या हातावर पडला. माझी बोटं मोडली ती तिथे. सगळ्यांना वाटतं तशी दार तोडताना नाही. मी रांगत कशासाठी गेले, ते पुढे लिहिते.

बर्फाचा ट्रक उलटा घालून दार तोडलं, ते त्यानंतर. दाराला टेकून बायका एकीवर एक पडल्या होत्या. काहीजणी श्वास घेत होत्या. सहाजणी नाही. मनस्वी सगळ्यात खाली होती, दाराच्या अगदी जवळ. तू तिला उचलून सड्यावरच्या कातळावर नेऊन बसलास, आणि पोलीस येईपर्यंत कुणाला तिच्यावर चादरही घालू दिली नाहीस. तिच्या बोटांची नखं निघाली होती. तू ती बोटं आपल्या शर्टाने पुसत होतास.

रत्नागिरीहून ॲम्ब्युलन्स आल्या, त्यातल्या एकीत मला धोंडूंबरोबर बसवलं. त्यांच्या डोक्याला गुंडाळलेलं कापड भिजून माझ्या मांडीवर रक्त गळत होतं. एक डोळा पूर्ण मिटला होता. पण ते शुद्धीवर होते. मला ओळखलं त्यांनी. म्हणाले, “मालकानं सांगितलेलं, बाय. कोळंबी चोरीला जाते, मागल्या दाराला बाहेरनं कुलूप लाव. मी नको बोललेलो.” पावस मागे पडेपर्यंत ते हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. दुसऱ्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ते वारले.

आता मालक कोर्टात काय सांगतो, तुला वकिलांनी सांगितलं असेलच. कुलूप लावायचं आपण कधीच सांगितलं नाही, वॉचमनने आपल्या मनाने लावलं. त्याला खोटं पाडणारा एकच माणूस होता आणि तो आपण मारून टाकला. ॲम्ब्युलन्समध्ये ते शब्द ऐकणारी मी एकटी. पोलिसांना मी आगीचं आणि कुलपाचं सांगितलं आहे. मारहाणीचा जबाब त्यांनी अजून नोंदवलेला नाही. मोबाइलवरच्या चित्रणात तू दिसतोस, पाना दिसतो, घाव दिसत नाही.

म्हणून आई माझ्या पायाशी बसली. शब्दशः बसली. म्हणाली, “मालकाचं सांग, चांगलं ठणकावून सांग. पन ओमकारचं नाव काढू नको. तू मागं व्हतीस. तुला दिसलं नाय. येवढंच बोल गो.” तुझे वकीलही जवळजवळ हेच म्हणाले, जरा सभ्य शब्दांत. मी आईला सांगितलं, मालकाचा वकील मला पहिलं हेच विचारणार की धोंडू त्या अवस्थेत कसे आले आणि तेव्हा तुम्ही कुठे होता. माझं एक खोटं त्याच्या हाती लागलं की त्या सहाजणींचं खरंही वाहून जाईल. साक्ष अर्धी देता येत नाही. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माजी पोरगी दुसऱ्यांच्या पोरींसाठी माज्या पोराला टांगायला निघाली.” ती चुकीचं बोलत नव्हती.

लिस्बनला जायच्या आदल्या दिवशी मी गंगुबाईंकडे गेले होते. धोंडूंची बायको. त्यांच्याकडे वाडीतलं कुणी जात नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि विचारलं, “सगळी म्हनतात ते पळाले. बायका जळत व्हत्या आनि हे पळाले. तू व्हतीस ना तितं? माजा मानूस पळाला व्हता काय गो?” मी उत्तर न देता उठून आले.

ते उत्तर मी तिकडे, परक्या माणसांसमोर दिलं. तिसऱ्या दिवशी मी आपली चिठ्ठी तक्त्यावर लावली: छोटे कारखाने, फोमच्या भिंती, बाहेरून लावलेली कुलपं. एक जण सौम्यपणे म्हणाला की दार आतून उघडता आलंच पाहिजे हा नियम आपण कधीचाच लिहिला आहे, त्यात नवं काय लिहायचं? बरोबरच होतं त्याचं. मग मी बोलायला लागले आणि थांबता आलं नाही. मी म्हटलं, नियम सड्यापर्यंत पोचला नाही, हे नवं आहे. बंब येईपर्यंत दाराबाहेर जी माणसं असतात, त्यांनी काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नाही, हे नवं आहे. मी त्यांना सांगितलं की एक माणूस शेडच्या पुढून मागच्या दाराकडे धावत होता. तो पळून जात नव्हता. त्याचा हात वर होता, हातात चाव्यांचा जुडगा होता, आणि तो ओरडत होता. तो काय ओरडत होता ते माझ्या तोंडून मराठीतच निघालं: “चावी हाय! सोडा, चावी हाय माज्याकडं!” समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर पोर्तुगीज बाई आहेत, तरुणपणी बंबावर काम केलेल्या. त्यांच्या भाषेत चावीला जवळजवळ हाच शब्द आहे. मी भाषांतर करायच्या आधीच त्यांना कळलं होतं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, त्याला कोणी मारलं? मी म्हटलं, माझ्या भावाने.

संध्याकाळी माझी चिठ्ठी वरच्या ओळीत गेली. पुढच्या वर्षांत छोट्या कारखान्यांसाठी, त्यांच्या भाषेत, त्यांना परवडेल असं मानक लिहायचं आणि आसपासच्या वस्तीला शिकवायचं काम त्यांनी माझ्याकडेच दिलं. सगळ्यांनी हात मिळवले. मी डावा हात पुढे केला.

ओमकार, सोमवारी माझी साक्ष आहे. तुझा घाव मी पाहिला, हे मी सांगणार आहे. आणि धोंडूंच्या हातात चावी होती, हेही सांगणार आहे. तुझ्या हातून पहिला घाव बसला तेव्हा ती मातीत पडली, मी तिच्यासाठीच रांगत होते, आणि ती माझ्या हाती लागायच्या आत माझा हात चिरडला गेला. हे तुम्हा कुणालाच माहीत नव्हतं. गर्दीला ऐकू आलं नाही, तुला ऐकू आलं नसणार, तू त्या वेळी फक्त तुझ्या खिशातली शांतता ऐकत होतास. हे तू कोर्टात उभा असताना, मालकाच्या समोर, परक्या वकिलाच्या प्रश्नातून पहिल्यांदा ऐकावंस, हे मला सहन होईना. म्हणून हे पत्र. आता तू मला एकच विचारशील, ती चावी दाराला लागली असती तर मनस्वी वाचली असती का? मला त्या धुराचं गणित येतं. मी ते मांडलेलं नाही आणि कुणी विचारलं तरी मांडणार नाही. आज सकाळी गंगुबाईंकडे जाऊन आले. ते पळाले नव्हते, एवढं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, दारातली रांगोळी घालायची राहिली होती ती घालायला बसल्या. साक्षीनंतर मी मुंबईला जाणार नाही, तुझ्यासाठी दुसरे वकील बघते आहे, शेवटपर्यंत तुझ्या बाजूला बसणार आहे. तू माझं तोंड बघणार नाहीस असं ठरवलंस तर तसं कर, मी तरीही दर भेटीच्या दिवशी येऊन नाव लिहीन आणि तुझी वाट बघेन.

तुझीच, काही झालं तरी तुझीच,
ताई