भांडायचा राहिलेला दगड

५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या आणि बाबांच्या दगडांच्या तिन्ही पेट्या सुखरूप पोचल्या. एकेक दगड जुन्या मोज्यात घालून पाठवायची तुझी युक्ती भलतीच गाजली. अख्खं संग्रहालय माझ्याभोवती जमून मोजे सोडवत होतं. जिन्याजवळचं काचेचं कपाट आपल्याला मिळालंय, महिनाअखेरीनंतर ते सगळ्यांसाठी उघडायचंय. तुझ्या टेबलावरचा निळा दगडही त्यात निघाला. तो तू हातातून सोडलास याचंच मला नवल वाटलं. त्याला मी मधली जागा दिलीय.

आता अडचण. तो मोठा हिरवा बेरिल पाहून आमचे साहेब अगदी लट्टू झालेत. कार्डावर ‘पाचू’ लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, हा हिरवा बेरिल आहे, पाचू नव्हे. तर हसले आणि म्हणाले, पाचू हाही शेवटी बेरिलच ना, मग जरा भारदस्त नाव दिलं तर बिघडलं कुठे, बेरिल बघायला कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. त्याच्यासोबतचे बाकीचे सगळे दगड ‘व इतर खनिजे’ या एका ओळीत बसवायचेत. कार्डं लिहायचं काम माझं आहे आणि माझी नोकरी अजून कच्ची आहे. आई म्हणते, नव्या जागी वाकड्यात शिरू नकोस. मी काय करू?

माया आहे तशीच राहू दे, आणि उलट टपाली खुशाल रागव.

तुझी,
गारगोटी

९ जानेवारी

चि. गारगोटीस,
अनेक आशीर्वाद.

रागवायला सांगितलंस ना, मग घे. वाकड्यात शिरू नकोस म्हणे! तुझ्या आईचं मन मोठं आहे, पण तिने आयुष्यात एकदा तरी कुणाला नाही म्हटलंय का ते विचार.

आमची रीत तू लहानपणापासून बघितलीयस. दादा खाणीवर मोजणीदार, मी शाळेत रसायन शिकवणारी. सुट्टी लागली की दोघं खाणीच्या टाकाऊ ढिगांवर. ज्याला दगड सापडेल त्याने नाव द्यायचं आणि दुसऱ्याने ते मोडून दाखवायचं. चाकूने ओरखडायचं, काचेवर घासायचं, भिंग लावायचं, वाटेल ते करायचं. भांडणात टिकलं तर नाव, नाहीतर दगड परत मोज्यात. त्या हिरव्याला तुझा बाबाच आधी पाचू म्हणत होता. पाचूचा हिरवा क्रोमियमचा असतो, हा लोखंडाचा फिका हिरवा आहे, असं मी ठणकावून सांगितलं. साहेबजादे रुसले, माझ्याशी बोलेनात. पण चिठ्ठीवर ‘हिरवा बेरिल’ त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. आता कुणी उपटसुंभाने त्यावर पाचू लिहायचं?

आणि ‘व इतर’ काय? त्या पांढऱ्या फेल्डस्पारमध्येच बेरिल वाढला. कडेला पानं सुटतात ते अभ्रक. काळ्या रेघारेघांच्या काड्या म्हणजे टूर्मलीन, आडव्या छेदात फुगीर तिकोनी दिसतात, बघून घे. लालसर दाणे गार्नेट. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवं. घरातल्या यच्चयावत आमंत्रणपत्रिकांत मला ‘व इतर’मध्ये कोंबलंय, दगडांचं तरी मी तसं होऊ देणार नाही.

निळा का दिला विचारतेस. ठरलेलं लग्न मोडून मी नोकरीवर निघाले, त्या सकाळी अख्खं घर माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. दादा एकटा फाटकापर्यंत आला आणि तो दगड माझ्या मुठीत कोंबला. म्हणाला, बेरिल आहे, सुरी याचं काही वाकडं करू शकत नाही, तू तशीच राहा. जेव्हा जेव्हा पाय डगमगले तेव्हा मी तो दगड हातात घेतलाय. आता दादा नाही, पण त्याच्या दगडांचं कपाट लागतंय, मग हा त्यात हवाच.

साहेबांना सांग, पाचूच लिहायचं असेल तर पेट्या परत पाठवा, मोज्यांसकट.

लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर ताठ उभी राहा.

तुझी,
आत्या

१७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जिंकलो! साहेबांना तोंडावर सांगितलं, की नावं खरी असतील तरच कार्डं लिहीन, आणि प्रत्येक दगड तपासूनच लिहीन. हिरवा घेऊन कॉलेजातल्या धातू ओळखणाऱ्या यंत्राखाली धरला. क्रोमियमचा पत्ता नाही. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण ‘हिरवा बेरिल’ कबूल केलं. फेल्डस्पार, अभ्रक, टूर्मलीन, गार्नेट यांनाही आपापली कार्डं मिळाली. आई घाबरली होती, पण आता शेजारीपाजारी सांगत सुटलीय.

आता जरा खाली बस आणि पुढचं वाच. प्रत्येक म्हटलं म्हणजे निळाही आला. भिंगाखाली त्याच्या कडा झिजल्यासारख्या दिसल्या आणि चमक तेलकट. मग त्याचं आधी कोरडं वजन केलं, मग दोऱ्याला बांधून पाण्यात सोडून केलं. बेरिल पाण्याच्या पावणेतीन पटींच्या आसपास भरतो. हा सव्वातीनच्या जवळ जातो. पुन्हा पुन्हा केलं, तेच येतंय. आत्या, हा अ‍ॅपेटाइट आहे. तोही सहाकोनी, तोही निळसर हिरवा, तोही त्याच खाणीतला. फक्त बेरिलपेक्षा खूप मऊ, चाकूने ओरखडला जाणारा. मी चाकू लावलेला नाही. दगड तुझा आहे.

एक विचारू? या दगडावर तुम्ही दोघं कधी भांडलात का?

तुझ्या मायेची आज जरा जास्तच गरज असलेली,
गारगोटी

२० जानेवारी

चि. गारगोटीस,
आशीर्वाद.

नाही भांडलो. भेट दिलेल्या वस्तूवर कुणी भांडतं का?

दोरा ओला असेल, नाहीतर तुझा तराजू हलत असेल. दादाने आयुष्य खाणीत काढलं, त्याला बेरिल कळत नव्हता असं तू मला शिकवणार? गेलेल्या बापाची चूक काढायला लेक निघाली, धन्य आहे बाई! साहेबांनी काही विचारलंय का? नाही ना? मग तुला कसली एवढी खाज? त्या निळ्याला बेरिल म्हणत मी माझं आयुष्य काढलंय. कार्डावर ‘बेरिल’ लिही. का म्हणून विचारू नकोस. मी सांगते म्हणून लिही.

आशीर्वाद आहेत. बाकी आज काही मागू नकोस.

आत्या

२४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नाही लिहिणार.

तुझं पत्र वाचून मी रडले, हे आधी सांगते. मग साहेबांकडे गेले. तेही म्हणाले, बेरिल राहू दे, बघणाऱ्याला काय कळतंय. तुझं आणि साहेबांचं या जन्मी एकमत झालेलं पाहून मला काही बरं वाटलं नाही.

मला हौस नाही बाबांची चूक काढायची. त्यांच्या हाताखाली मी भिंग धरायला शिकले. पण त्यांनी दिलेलं नाव मोडून बघायचं काम तुझं होतं, आणि या एका दगडाला तू सूट दिलीस. मी देणार नाही, आणि तुझ्यासाठी सुद्धा खोटं कार्ड लिहिणार नाही. वाटेल तेवढी रागव.

सोबत निळा परत पाठवतेय, त्याच्याच मोज्यातून. तुझ्या घरी सुरी आहे. ओरखडा उठला नाही, तर मी बेरिल लिहीन आणि सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. कपाटातली मधली जागा रिकामी ठेवलीय. साहेब तिथे शिंपले मांडा म्हणतात. मी मांडलेले नाहीत.

माया पातळ झाली असेल तर असू दे, तुटू देऊ नकोस.

तुझीच,
गारगोटी

३० जानेवारी

चि. गारगोटीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पार्सल आलं तेव्हा उघडलंच नाही. कपाटावर टाकलं आणि येताजाता त्याच्याकडे बघून नाक मुरडत होते. काल दुपारी मात्र सुरी घेऊन बसले. तुला खोटं पाडायचं, एवढंच डोक्यात होतं.

तळाच्या बाजूला सुरी दाबून ओढली. पांढरी पूड निघाली. वाटलं, सुरीच झिजली. पण झिजल्या पोलादाची रेघ काळपट असते आणि ती पुसली जाते. मी पुसलं, रेघ गेली नाही. नख फिरवलं तर त्यात अडकलं. इतकी वर्षं मुलींना मीच शिकवलं होतं हे, तेव्हा स्वतःला फसवायचीही सोय उरली नव्हती.

मग दादाला मोठ्याने शिव्या घातल्या. लेका, अ‍ॅपेटाइट हातात देऊन बेरिल म्हणून सांगितलंस! शेजारीण धावत आली, रडतेस का म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, भावाशी भांडतेय. खरं तर दोन्ही चाललं होतं. तो गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही भांडलो, आणि पहिल्यांदाच त्याला उलट बोलता येईना.

तर आता लिहून घे. कार्डावर ‘अ‍ॅपेटाइट’. खाली, सापडला भावाला, ओरखडला बहिणीने, जुनं नाव मोडलं भाचीने. तिघांची नावं पूर्ण आणि एकाच मापाच्या अक्षरांत, ‘व इतर’ कुणी नको. ओरखड्याची बाजू भिंतीकडे करायची नाही, बघणाऱ्यांच्या तोंडासमोर ठेवायची. साहेब कुरकुरले तर मी आहे. दगड टपालाने पाठवत नाही, मी स्वतः घेऊन येतेय. त्या मधल्या जागेवर शिंपला दिसला तर याद राख.

आणि तुझ्या मनाला काही टोचत असेल तर ते काढून टाक. मला आजवर वाटायचं, हा दगड माझ्या हातात होता म्हणून मी वाकले नाही. हा तर पहिल्याच फटक्यात शरण जाणारा निघाला! मग एवढी वर्षं कोण उभं होतं ग? मीच ना? दादा दगडाच्या बाबतीत चुकला. माझ्या बाबतीत चुकला नाही.

अशीच भांडत राहा, लोभ त्यातच आला.

तुझी,
आत्या