टाचेचं रूट कॉज

५ जानेवारी, सकाळी ५.४०
आजपासून सराव. १ फेब्रुवारीला कंपनीची दहा किलोमीटर दौड. पेंट शॉपच्या जयसिंगला यंदा मागे टाकणार, असं कँटीनमध्ये सगळ्यांसमोर बोलून बसलोय. तो त्रेपन्नचा, मी पंचेचाळीस. झालंच समजा.

९ जानेवारी
उठताना डाव्या टाचेमागची शीर आखडते. चहा होईपर्यंत बरी. म्हणजे दुखणं नाहीच. पद्मा म्हणाली, अहो, डॉक्टरांना दाखवा. अठरा वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस दोष शोधायला बाहेर जाईल?

१२ जानेवारी
कंपनीच्या फॉरमॅटमध्ये व्हाय-व्हाय केलं. पाच वेळा ‘का?’ विचारायचं. शीर का दुखते? ताण. ताण का? टाच नीट टेकत नाही. का? बूट. का? पद्माने सेलमधून आणले. पाचव्याची गरजच पडली नाही. एरवी मी ‘ऑपरेटरची चूक’ लिहून मोकळा होतो, पण इथे ऑपरेटर मीच. ते कारण बाद.

१७ जानेवारी
नवे बूट घेतले, तेही निर्दोष. शीर सुजून जाड. चिमटीत धरली की कळ मस्तकात. सुधारित कारण: रस्त्याचा उतार. उद्यापासून उलट्या दिशेने पळणार.

२२ जानेवारी
आता दोन्ही दिशांनी दुखते. पद्माच्या समाधानासाठी फिजिओकडे गेलो. पंचविशीची मुलगी. डिसेंबरात किती पळत होतात, म्हणाली. शून्य. आणि आता? रोज आठ किलोमीटर. पळणं बंद, टाचा उचलायचा व्यायाम, तोही हळूहळू. माझा कागद पाहून विचारते, पाचवा रकाना रिकामा का? अनुभव कमी आहे तिला.

३० जानेवारी
आठवडाभर नेमाने व्यायाम केला. म्हणजे दोनदा. परवा पळणार.

१ फेब्रुवारी
तिसऱ्या किलोमीटरला ‘फट्’. मागून कोणीतरी टाचेवर लाथ मारली. जयसिंगच्या नावाने ओरडलो. तो शंभर मीटर पुढे होता. हाक ऐकून बिचारा दौड सोडून परत आला, खांद्याचा आधार दिला. दोघांचीही दौड अपुरी. म्हणजे बरोबरी.

२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटऱ्या दाबल्या. उजवं पाऊल हललं, डावं ढिम्म. शीर तुटलीय. लाथेचं सांगितलं, तर म्हणाले, बहुतेकांना तसंच वाटतं. गुरुवारी ऑपरेशन. वर्षभर तरी दौड विसरा, म्हणाले. रिक्षात रडू आलं.

८ फेब्रुवारी
जयसिंग भेटायला आला. येताना नापास मालाला लावतात तो लाल टॅग आणला आणि प्लास्टरला बांधला. कारणाचा रकाना कोरा होता. पद्माकडून पेन घेतलं. मग लिहिलं: ऑपरेटरची चूक.
‘तपासले’च्या पुढे पद्माने सही केली.