पांढऱ्या पट्टीचं जाळं कुणाला द्यायचं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जाळी विणणे व दुरुस्त करणे, राहणार बंदराच्या उतारावरचं शेवटचं घर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. स्वखुशीने हा शब्द वकिलांचा. मी खूश नाही, मी रागात आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

वकिलांनी आधी एक मसुदा करून दिला होता. त्यात मिळकत सगळी बरोबर होती, पण ती कुणाची हे कळत नव्हतं. म्हणून हा मी माझ्या हाताने लिहिला आहे. याआधीचं कोणतंही मृत्युपत्र निघाल्यास ते रद्द समजावं.

कलम १. घर. एका बाजूस बर्फाचा कारखाना, दुसऱ्या बाजूस माझ्या धाकट्या दिरांचं घर, मागे उतार, पुढे समुद्र, येणेप्रमाणे चतुःसीमा असलेलं राहतं घर, जाळ्यांच्या खोलीसह, माझ्या पुतणीला द्यावं. ती या दिरांचीच मुलगी. बापाशी भांडून एक पेटी घेऊन माझ्याकडे आली, ती परत गेली नाही. मी तिला ठेवून घेतलं असं लोक म्हणतात. खरं तर तिने मला विचारलंच नव्हतं.

अट एवढीच की या घरात पक्ष्यांचं माहिती केंद्र काढू नये. आमच्या ह्यांचा फोटो घरच्यांखेरीज कुणी कुठल्याही भिंतीवर लावू नये. का, ते पुढे येईल.

कलम २. पांढऱ्या पट्टीचं जाळं. समोरच्या मोठ्या खडकावर पाणकावळ्यांची वस्ती आहे. पाणकावळा बुडी मारून मासा धरतो, आणि आमची जाळी त्याच पाण्यात, त्याच माशांसाठी उभी असतात. बारीक दोऱ्याचं जाळं त्याला पाण्याखाली दिसत नाही. तो घुसतो, अडकतो, गुदमरून मरतो. बंदरावर आजही काही जण छातीठोक सांगतात की असं कधी होत नव्हतं. ते खोटं बोलतात. मेलेले पक्षी मी या हातांनी सोडवले आहेत.

जिवंत पक्षी सापडला की आमचे हे त्याचा पंख दुखू नये म्हणून जाळंच कापायचे. भोकं भरायची मी. त्यावरून आमची इतकी भांडणं झाली की कारखान्यातली माणसं बर्फ फोडायची थांबून ऐकत.

"जाळं काय, पुन्हा विणता येतं," हे म्हणायचे.

"विणणारी कोण?" मी म्हणायचे.

शेवटी वैतागून उपाय शोधला. खडकावर पक्षीसंस्थेने नेमलेला राखणदार पाणी भरायला आमच्याकडे यायचा. तो, हे आणि मी, तिघे मिळून एकेक करून पाहत गेलो. चकाकणाऱ्या फिती बांधल्या, त्या शेवाळल्या. जाळं खोल सोडलं, मासळी निम्मी झाली. मग जाळ्याच्या वरच्या अंगाला जाड पांढऱ्या दोऱ्याची रुंद पट्टी विणली. ती पक्ष्यांना दिसायची. सगळे वाचले असं नाही, पण बरेच वाचले, आणि मासळीही फारशी घटली नाही. "वहिनींनी जाळ्याला परकर नेसवलाय," असं धाकटे भावजी चारचौघांत म्हणाले. लोक पोट धरून हसले.

परकर नेसवलेलं ते पहिलं जाळं आता साहेबांना हवं आहे. साहेब म्हणजे पक्षीसंस्थेचे प्रमुख. त्यांना ते काचेच्या पेटीत ठेवून खाली लिहायचंय, "आमच्या संस्थेचा यशस्वी प्रयोग". मिळणार नाही. जाळं पुतणीला द्यावं. तिने ते पाण्यात टाकावं आणि पार विरेपर्यंत वापरावं.

कलम ३. पोस्टर. संस्थेचा फोटोवाला एकदा होडीवर आला होता. त्या दिवशी एक पाणकावळा जिवंत अडकला. ह्यांनी नेहमीसारखा एका हातात पक्षी धरला, दुसऱ्या हातात सुरी घेतली, जाळं कापलं आणि त्याला सोडून दिलं. फोटोवाल्याने काढला तो सोडण्याच्या आधीचा फोटो. काही महिन्यांनी त्याचं पोस्टर झालं. तोंड आमच्या ह्यांचं, हातात सुरी, आणि खाली मोठ्या अक्षरांत "यांना थांबवा". शाळेच्या भिंतीवर, बसच्या थांब्यावर, मासळीबाजाराच्या दारावर. ज्या हॉटेलांत आमची मासळी जायची त्यांनी ती घेणं बंद केलं. बाजारात ह्यांना बघून एका बाईने आपलं पोर जवळ ओढून घेतलं. मी शेजारीच उभी होते.

हे धुतलेला सदरा घालून संस्थेच्या ऑफिसात गेले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हा फोटो तुमचा असा नाही, तो प्रतीकात्मक आहे."

घरी येऊन हे जाळ्याच्या ढिगावर बसून राहिले. मग विचारलं, "प्रतीकात्मक म्हणजे काय गं?"

"म्हणजे एकाचं तोंड दाखवून सगळ्यांना बोलायचं."

"मग माझंच का?"

 

हा माणूस पक्षी सोडवतो, हे राखणदाराने साहेबांना तोंडावर सांगितलं. त्याबद्दल त्याला खडकावरून काढून ऑफिसात कागद लावायला बसवलं आणि खडक तसाच बिनराखणीचा ठेवला. ह्यांनी समुद्रावर जाणं सोडलं. पुढच्या थंडीत गेले. डॉक्टरांनी हृदयविकार असं लिहिलं. मला लिहायला दिलं असतं तर मी दुसरं काही लिहिलं असतं.

साहेबांचं नंतर पत्र आलं, "झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत." गैरसमज कुणाचा झाला होता? ते पोस्टर भिंतींवरून पावसाने काढलं, संस्थेने नाही. एक मी जपून ठेवलं आहे. ते पुतणीने स्वतः नेऊन साहेबांच्या हातात द्यावं, आणि ते कुठे लावतात हे बघितल्याशिवाय तिथून उठू नये.

कलम ४. होडी. होडी दोघा भावांची, निम्मी निम्मी. ह्यांच्यामागे आलेला माझा हिस्सा पुतणीला द्यावा. उरलेला हिस्सा भावजींचा. त्यावर मला कायद्याने बोलता येत नाही. भावजींवर बोलता येतं.

ह्यांना पोहोचवून आलो त्याच आठवड्यात भावजी तीन होड्या घेऊन खडकावर गेले. अडवायला कुणी नव्हतं, राखणदार ऑफिसात कागद लावत होता. त्यांनी वल्ह्यांनी घरटी झोडपली. अंडीही, आणि नुकती बाहेर आलेली पिल्लंही. मग वल्हं तसंच हातात घेऊन माझ्या दारात आले.

"वहिनी, दादाचा बदला घेतला."

वल्ह्याला पिवळं लागलेलं होतं. ते ओघळून त्यांच्या मनगटापर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "भावजी, ज्या पक्ष्यांपायी तुमच्या दादांनी जन्मभर माझी जाळी कापली, ते मारून आलात? आणि वर त्यांचं नाव घेता?"

"त्या पक्ष्यांपायीच गेला तो!"

"पक्ष्यांनी पोस्टर छापलं नव्हतं. ज्यांनी छापलं त्यांच्या दारात जायला दम लागतो. अंडी काय, उलटून बोलत नाहीत."

मी दार लावून घेतलं. ते त्यांच्यासाठी अजून लावलेलंच आहे.

पोस्टर खोटं होतं, ते भावजींनी खरं करून दाखवलं. साहेबांना आयतं कारण मिळालं. खडकाभोवतीचं पाणी बारमाही बंद झालं. मोठ्या ट्रॉलरवाल्यांना काही फरक पडला नाही, ते लांबून हवं तेवढं ओढून नेतात. घरी बसल्या त्या आमच्या लहान होड्या. आणि पाणकावळे कित्येक वर्षं फिरकले नाहीत. समोर रिकामा खडक, धक्क्यावर रिकाम्या होड्या. साहेबांनी आणि भावजींनी मिळून केलेलं हे एकमेव काम.

पाणी परत उघडलं ते पुतणीने. माझ्याकडून पट्टी विणायला शिकली, लांबच्या पाण्यात जाळी टाकू लागली, आणि राखणदार खडकावर परत आल्यावर त्याला दर खेपेला होडीत बसवून नेऊ लागली. "काय अडकतं ते तुम्हीच बघा," म्हणायची. सरकारी कचेरीत इतक्या वेळा गेली की तिथला शिपाई तिला ताई म्हणू लागला. आता पिल्लांच्या महिन्यांत पाणी बंद, एरवी पांढऱ्या पट्टीच्या जाळ्यांना खुलं. पक्षी परतले आहेत, पूर्वीइतके नाहीत. बंद महिन्यांत ही पोरगी बंदरावरच्यांचे टोमणे खाते, खुल्या महिन्यांत संस्थेचे. म्हणून होडी तिची.

भावजींना घर, होडी, जाळी यांपैकी काहीही नाही. नजरचुकीने राहून गेलं असं कुणी समजू नये, आठवणीने वगळलं आहे. शेवटी शेवटी मी मनातून माफ केलं होतं, असंही कुणी त्यांना जाऊन सांगू नये. केलेलं नाही. त्यांनी आपला हिस्सा विकला नाही आणि मुलीला होडी वापरू दिली, हे मला दिसतं. तेवढं इथे लिहून ठेवते. त्याहून जास्त मागू नये.

कलम ५. विणायच्या लाकडी सुया, दोऱ्याची रिळं आणि बँकेतली ठेव. ठेवीतून फक्त पांढरा दोरा घ्यावा, आणि पट्टी लावू इच्छिणाऱ्या कुठल्याही लहान होडीवाल्याला द्यावा. दोरा फुकट आहे, विणणं नाही. ज्याला हवी त्याने इथे येऊन बसावं आणि विणावं. हसणाऱ्यालाही द्यावा, पण त्याचं हसून झाल्यावर. या सगळ्याची अंमलबजावणी पुतणीने करावी.

कलम ६. साक्षीदार. कायद्याला दोन लागतात आणि सही त्यांच्यासमोर करावी लागते. यातून ज्याला काही मिळतं तो चालत नाही. म्हणून मी राखणदाराला बोलावलं, आणि धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला. त्या दिवशी भावजींबरोबर जे खडकावर गेले त्यांत हा इंजिनवाला होता. राखणदार परत आला तेव्हापासून दोघे एकाच धक्क्यावर वावरतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. वकील म्हणाले, दुसरं कुणी बघा. मी म्हटलं, हेच.

आत्ता दोघे जाळ्यांच्या खोलीत बाकाच्या दोन टोकांना बसले आहेत. मी त्यांना वरचं सगळं वाचून दाखवलं. वल्ह्याचं आलं तेव्हा इंजिनवाला उठून दारापर्यंत गेला.

"बसा," राखणदार म्हणाला. "त्यांचं वाचून होऊ दे."

तो बसला. वाचून झालं. मग इंजिनवाल्याने माझ्याकडे बघत, पण राखणदाराला ऐकू जाईल असं म्हटलं, "बंद पाण्याच्या हद्दीचा बोया यंदा फार बाहेर टाकलाय."

"पिल्लं पोहायला लागली की तिथवर येतात."

"येत नाहीत. मी रोज जातो त्या बाजूने."

"इंजिन धडधडत जाता. मग दिसतील कशी?"

"आणि बंद करून जाऊ? प्रवाह नेऊन आपटेल खडकावर. होडी तुम्ही भरून देणार?"

तेव्हापासून हेच चाललंय. आवाज चढले आहेत. राखणदाराने बाकावर खडूने खडक काढला, इंजिनवाल्याने तो पुसून पुन्हा काढला, कारण म्हणे राखणदाराला प्रवाह कुठून येतो तेच माहीत नाही. पुतणी काय झालं म्हणून धावत आली, तिला मी खुणेनेच थांबवलं. बोयाचं काही ठरलेलं नाही. सकाळी भरतीला दोघे जाऊन स्वतः बघणार आहेत, आणि जायचं कुणाच्या होडीतून यावर आता नवं भांडण सुरू आहे.

मी सही करते आहे. दोघांनी जरा इकडे बघावं.

लिहून ठेवणार : (सही) जाळीवाली

साक्षीदार :
१. (सही) राखणदार, मोठा खडक
२. (सही) इंजिनवाला, धक्का. सहीजवळचा ग्रीसचा डाग याच्या बोटांचा आहे, खाडाखोड समजू नये.

ठिकाण : जाळ्यांची खोली, राहतं घर
दिनांक : ९ एप्रिल, दिवेलागणीच्या आधी