कोचीची पट्टी

राजापेठ, अमरावती
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ती. सुभद्राताईस,
धाकट्या किशोरचा साष्टांग नमस्कार.

फोनवर मी ओरडलो की तुझे शेजारी उठून बसतात आणि तरी तुला ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. आधी आनंदाचं. प्राजक्ताला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे बाळंतपण गुवाहाटीलाच करावं लागलं, ते तुला माहीत आहे. लेकीजवळ गेलेली नीलम तिथल्या विमानतळावर सामानाची वाट पाहत उभी होती तेव्हाच जावयांचा फोन आला.

पण तुझी निळी बॅग आली नाही. नागपूरला दिली, मुंबईला विमान बदललं, पुढे पत्ता नाही. नीलम म्हणते की मले आता पोरीच्या तोंडाकडे पाहावत नाही.

डिंकाचे लाडू गेले तर गेले. कुंची त्यातच आहे. आईने शिवलेली, मी घातलेली, प्राजक्ताने घातलेली, आणि तुझ्या बंडूच्या अंगावरची. पाच महिन्यांच्या त्या जिवाचं दुसरं काही तुझ्याजवळ उरलं नाही, हे मी विसरलेलो नाही. बारसं चौदा तारखेला आहे, तोवर आणतोच. नागपूरवाले म्हणतात मुंबईला विचारा. मुंबईवाले म्हणतात सामान चढवणं ठेकेदाराचं काम. ठेकेदार म्हणतो की यंत्र ज्या गाडीकडे ढकलतं त्या गाडीवर आमी टाकतो. आता यंत्राचा नंबर कोणाकडे मागू?

तब्येत सांभाळ आणि या भावावर रागावू नकोस.
तुझा,
किशोर

अकोला
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. किशोर यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पणजीच्या हातची कुंची नातीच्या लेकीला मिळू नये, याचं फार वाईट वाटतं. तुझ्या चांदूर बाजारच्या संत्र्याच्या बागेने तुला सोडलं असतं तर नीलमसोबत तू गेला असतास. पण तू तरी काय केलं असतंस म्हणा.

बॅग ओळखू येणार नाही असं होणारच नाही. तुझ्या भाऊजींनी तिच्यावर ऑइलपेंटने नाव, अकोल्याचा पत्ता आणि माझा फोन नंबर लिहिला आहे, तुरीच्या पोत्यावर लिहीत तसा. मला तेव्हा चारचौघांत लाज वाटली होती. शिवाय मुठीला कोचीच्या प्रवासाची पट्टी आहेच. विमानात बसायचं आम्हाला तेवढं एकदाच घडलं. पट्टी फाटू नये म्हणून त्यांनी वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. ती काढू नको, असं मी नीलमला मुद्दाम बजावलं होतं. विमानवाल्यांचीच पट्टी आहे, विमानवाले ओळखतील.

इकडे दिवसभर फोन थरथरत असतो. कार्ड घ्या, विमा घ्या, हेच असणार. ऐकू तर येत नाही, मी कापून टाकते. कुंचीचं कळलं की लगेच लिही. मला झोप लागत नाही.

सगळ्यांवर माया आहेच.
तुझी,
ताई

राजापेठ, अमरावती
दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
किशोरचा नमस्कार.

बारसं झालं. दुकानातली कुंची घातली. नाव रागिणी ठेवलं. फोटो पाठवला आहे, पाहिला असशील. नीलम सगळ्या कार्यक्रमात हसत होती आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली, असं प्राजक्ता म्हणाली.

मी थकलो, ताई. भरपाई मिळेल म्हणतात, पण ती वजनावर, जिनिंगमध्ये कापूस घेतात तशी. कुंचीचं वजन काय सांगू त्यांना? काल मुंबईच्या एका माणसाने बॅगेविषयी खोदून खोदून विचारलं. ते तुला लिहिण्यासारखं नाही. चूक कंपनीचीच, असं मी ठासून लिहून दिलं आहे. तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस.

जेवत जा. आशीर्वाद राहू दे.
तुझा,
किशोर

अकोला
दि. २६ फेब्रुवारी २०२५

चि. किशोर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

बॅग आली. शुक्रवारी एक माणूस ऑटोतून उतरला आणि त्याने ती माझ्या दारात ठेवली. माझाच फोन मागून घेऊन त्याने मी कापलेले फोन दाखवले. कोचीहून विमानवाले रोज करत होते. शेवटी भाऊजींनी रंगवलेल्या पत्त्यावर त्यांनी ती पाठवून दिली. नवी पट्टी कुठेतरी तुटून पडली होती. जुनी जशीच्या तशी, म्हणून बॅग कोचीला गेली.

मुंबईच्या माणसाने हेच विचारलं होतं ना? तू काही लपवलंस की उगीच माझ्या जेवणाची चौकशी करतोस, लहानपणापासून. तू तिकडे कंपनीशी भांडून राहिला आणि मी इकडे त्यांचेच फोन कापून राहिली. त्यांचीही चूक आहेच. दोन पट्ट्या दिसत असताना काउंटरवर जुनी काढायला हवी होती. पण काढू नको, हा शब्द माझा होता. नीलमला कोणी बोलू नका.

लाडू फेकले. कुंची चांगली आहे. खरं सांगते, ती पाहून आधी वाटलं, आली ना परत, आता कोणाला द्यायची नाही. चार रात्री उशाशी घेऊन निजले. उशाशी ठेवलेली कुंची गारच राहते रे. तिला बाळ लागतं.

पट्टी आज विळीवर कापली. रागिणीच्या उष्टावणाला कुंची मी स्वतः नेणार, मांडीवर ठेवून. संत्री सालदाराच्या हवाली कर आणि माझ्या शेजारच्या सीटवर तू बस. माझ्या नावाचा पुकारा झाला तर मला ऐकू यायचा नाही.

वाट पाहते. लोभ आहे, तो असाच राहो.
तुझी,
सुभद्राताई