कलम न सांगता

शुक्रवार, १४ तारीख

चि. बंडूस,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. अण्णांचं ब्लडप्रेशर वर गेलंय. डॉक्टरीणबाईंनी अंथरुणातून हलायचं नाही म्हणून दटावलंय, आणि त्यांची पाठ वळली की हे उठून बसतात. माझे गुडघे होते तसेच. तुझ्या बायकोने पाठवलेला स्वेटर पोचला, तिला सांग.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा पोलीस स्टेशनात गेलेच कशाला?" ते शेजारीच होते, म्हणून मी विषय बदलला. आता ऐक.

रविवारची बैठक तुला माहीतच आहे. बाहेरच्या खोलीत अण्णा, त्यांचे वकील मित्र, रिटायर्ड पोस्टमास्तर, कोपऱ्यावरचा औषधवाला. हल्ली एक नर्सही येते, ड्यूटी नसली की. सरकारने काय करू नये यावर तासन्‌तास काथ्याकूट. चहा माझ्याकडे. खरं सांगू, मला वीट आला होता. गल्लीतलं गटार तुंबलंय आणि ही मंडळी सत्तेला लगाम घालत बिस्किटं संपवतायत! तू मात्र त्याच खोलीत वाढलास. अण्णांचं वाक्य अर्ध्यात हिसकावून तू पुरं करायचास आणि ते खुशीत मांडीवर थाप मारायचे.

तर गेल्या रविवारी विषय होता तुमच्या गृहखात्याचा नवा नियम. सरकारच्या कारभारावर बोलायला चार माणसं जमायची तर आधी परवानगी. घरातसुद्धा. पोस्टमास्तर तावातावाने बोलत होते, तेवढ्यात इन्स्पेक्टर आले. भला माणूस. टोपी काढून हातात धरली, चहा घेतला, मग खाली बघत म्हणाले, "अण्णा, हे जरा बंद ठेवा."

"कुठल्या कलमाखाली?"

"कलम वगैरे काही नाही. विनंती समजा."

"विनंती असेल तर नाही म्हणतो. हुकूम असेल तर कलम सांगा."

इन्स्पेक्टर कप ठेवून गेले. औषधवाल्याला एकदम दुकान आठवलं. बैठक मोडली.

सोमवारी सकाळी आपले तीर्थरूप इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनात हजर! "मी तुमचा नियम मोडलाय. मला अटक करा, नाहीतर मोडला नाही असं सांगा." दोन्हींतलं काहीच कुणी करेना. हे बाकावर बसून राहिले. मी डबा आणि गोळ्या घेऊन धावले. विनवलं, रागावले, "अण्णा, कशाला शोभा करून घेता?" तर मलाच धडे देतात. "अगं, कायद्याने शिक्षा केली तर कायद्याशी भांडता येतं. नुसत्या मर्जीशी कसं भांडू?" हवालदार हसू दाबत होते. मला वाटलं, डबा तिथेच आपटावा आणि घरी निघून जावं.

दुपारी अण्णांना घेरी आली. बाकावरून कलंडले ते थेट फरशीवर. इन्स्पेक्टरांनीच उचलून जीपमध्ये घातलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी इन्स्पेक्टरांना फैलावर घेतलं. "एका म्हाताऱ्याला साधं कलम सांगता येत नाही तुम्हाला?"

बिचारे कावरेबावरे झाले. "ताई, सांगायचंच नाही असं सांगितलंय. 'कागदावर काही येऊ देऊ नका, वडील आहेत माझे, सांभाळून घ्या,' असा साहेबांचाच फोन होता."

साहेब म्हणजे तू.

तू म्हणशील, अण्णांना वाचवायलाच केलं. दुसरं कुणी असतं तर खटला झाला असता. तेच तर! नियम लोकांसाठी, आणि बापासाठी फोन. तोही त्यांना सोडवायला नाही, गप्प बसवायला. मी तुमच्यासारखी पुस्तकं वाचलेली नाहीत रे. पण ज्याच्या मर्जीने आपण सुटतो, त्याच्याच मर्जीने उद्या अडकतो, एवढं चहा ओतता ओतता माझ्याही कानावर पडलंय. तुझ्या कसं नाही पडलं?

अण्णांना मी हे सांगितलेलं नाही. काल माझा हात धरून म्हणाले, "बंडूला फार काही कळवू नकोस. तो तिथे खात्याच्या आत एकटा भांडत असेल. आपल्यामुळे त्याची अडचण व्हायला नको."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

परवाचा रविवार त्यांच्या विश्रांतीसाठी सोडलाय. त्याच्या पुढच्या रविवारी बैठक आहे. अण्णा आतून ऐकतील, बाहेर मी बसेन. विषय तोच. नर्स नक्की येणार, औषधवाल्याचा भरवसा नाही. तुला यायचं तर ये. बंद पाडायची असेल तर तेही कर, पण त्या इन्स्पेक्टरांच्या आड लपू नकोस. लेखी हुकूम काढ आणि खाली स्वतःची सही कर.

अण्णांना तो मीच वाचून दाखवीन. सहीसकट.

अजून तरी तुझीच,
ताई